एकाच गडगडाटी वादळातून पुराचा आणि वणव्याचा इशारा एकाच दिवशी कसा दिला जातो?

डोंगरवाट (प्रश्न)

अमेरिकेच्या पश्चिम भागासाठी उन्हाळ्यात निघणारी हवामानाची पत्रके मी सध्या नियमित वाचतो आहे. त्यांत एक गोष्ट वारंवार दिसते आणि ती मला अजून नीट उलगडलेली नाही. एकाच परिसरासाठी, एकाच दुपारी, अचानक येणाऱ्या पुराची शक्यता वर्तवलेली असते आणि त्याच पत्रकात वणव्याला पोषक हवामानाचा, म्हणजे ‘रेड फ्लॅग’ नावाचा, इशाराही असतो. दोन्हींचे कारण म्हणून गडगडाटी वादळांकडेच बोट दाखवलेले असते.

सामान्य वाचकाला हे परस्परविरोधी वाटते. ज्या ढगातून ओढ्याला पूर येईल इतका पाऊस पडणार आहे, त्याच ढगामुळे रान पेटेल असे कसे म्हणता येईल? पाऊस पडला तर आग विझायला हवी आणि पाऊस पडणार नसेल तर पुराचे भय कशाला, असा माझा साधा तर्क आहे. हवामान कार्यालय निव्वळ सावधगिरी म्हणून दोन्ही शक्यता नोंदवून ठेवते, की यामागे काही ठोस कारण आहे? शिवाय, जिथे आधी वणवा लागून गेला आहे अशा डोंगरांसाठी पुराचा इशारा वेगळा आणि अधिक कडक शब्दांत का दिला जातो, हेही जाणून घ्यायचे आहे. या विषयाची माहिती असलेल्यांनी थोडे सविस्तर लिहिले तर बरे होईल.

---

मेघनिरीक्षक

आपला तर्क चुकतो तो एका जागी. ढगातून निघालेले पाणी आणि जमिनीवर पोचलेले पाणी या दोन रकमा सारख्या नसतात, आणि कोरड्या प्रदेशात त्यांच्यातला फरक फार मोठा असतो.

ढगाचा तळ किती उंचीवर असेल याचा एक ढोबळ हिशेब आहे. जमिनीलगतचे तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते ते) यांच्यातील प्रत्येक अंशाच्या फरकामागे ढगाचा तळ साधारण १२५ मीटर वर जातो. तापमान ३८ अंश सेल्सिअस आणि दवबिंदू ८ अंश असेल, तर तळ जमिनीपासून सुमारे ३,७५० मीटरवर येतो. एवढ्या उंचीवरून सुटलेल्या थेंबाला खालच्या तापलेल्या, अतिशय कोरड्या थरातून प्रवास करावा लागतो आणि बहुतेक थेंब वाटेतच वाफ होऊन जातात. ढगाखाली लोंबणारे करडे पडदे दिसतात, पण ते जमिनीपर्यंत पोचत नाहीत. त्यांना ‘विर्गा’ म्हणतात. वीज मात्र वाटेत सुकत नाही. ती जमिनीपर्यंत पोचतेच आणि तिथे तिला वाळलेले गवत, पाचोळा किंवा पोकळ झालेले झाड भेटते. ज्या गडगडाटी वादळातून जमिनीवर एक दशांश इंच, म्हणजे सुमारे अडीच मिलिमीटर, पाऊसही पडत नाही, त्याला तिथले अंदाजकर्ते कोरडे वादळ म्हणतात. अशा विखुरलेल्या कोरड्या विजा, वारा फारसा नसला तरी, रेड फ्लॅग इशारा देण्यास पुरेशा मानल्या जातात.

आता तापमान तेच ठेवून दवबिंदू ८ ऐवजी १८ अंश धरून पाहा. तळ अडीच हजार मीटरवर उतरतो, ढगाखालची हवा कमी तहानलेली राहते आणि ढगातले बरेच पाणी खाली पोचते. म्हणजे हवेतील बाष्पाच्या तुलनेने लहान फरकाने वादळाचे स्वरूप पालटते. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात जूनच्या अखेरीस मान्सूनचे बाष्प येऊ लागते, तेव्हा ते पुष्कळदा आधी वरच्या थरांत पोचते आणि जमिनीलगतची हवा आणखी काही दिवस कोरडीच राहते. ढग तयार होण्यापुरते पाणी वर आहे, पण थेंब टिकण्याइतका ओलावा खाली नाही, अशा त्या संक्रमणाच्या काळात विजांनी लागणाऱ्या वणव्यांचा धोका सर्वाधिक असतो. पुढे खालचा थरही ओला झाला की त्याच भागात पुराची पत्रके निघू लागतात. एखाद्या मोठ्या परिसराच्या पूर्वेकडे हे स्थित्यंतर झालेले आणि पश्चिमेकडे अजून व्हायचे, अशी स्थिती असेल तर दोन्ही इशारे एकाच पत्रकात येणे स्वाभाविक आहे.

बाष्पाइतकेच महत्त्व वादळाच्या वेगाला आहे, आणि माझ्या मते सर्वसाधारण वाचक नेमके याकडे दुर्लक्ष करतो. ताशी ४० किलोमीटरने सरकणारा ढग एखाद्या ओढ्यावर जेमतेम काही मिनिटे राहतो. वरच्या थरांतील वारे मंद असतील तर तोच ढग एका खोऱ्यावर तासन्‌तास ठाण मांडतो, किंवा एकामागोमाग एक ढग त्याच जागेवरून जातात. ३१ जुलै १९७६ रोजी कोलोरॅडोतील बिग थॉम्प्सन खोऱ्यात हेच घडले. डोंगरउतारावर वर चढणारी ओलसर हवा आणि वरचे अत्यंत मंद वारे यांमुळे वादळ जागचे हलले नाही. खोऱ्याच्या काही भागांत साधारण चार तासांत सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस झाला आणि १४० हून अधिक माणसे दगावली.

याउलट ऑगस्ट २०२० मधील कॅलिफोर्निया घ्या. एका विरलेल्या उष्णकटिबंधीय वादळाचे बाष्प वरच्या थरांतून किनाऱ्याकडे आले, खाली उष्णतेची लाट चालू होती आणि काही दिवसांत दहा हजारांहून अधिक विजा पडल्या. त्यांतून शेकडो आगी लागल्या. त्यांपैकी काही एकत्र येऊन झालेल्या ‘ऑगस्ट कॉम्प्लेक्स’ या वणव्याने दहा लाख एकरांहून अधिक क्षेत्र जाळले.

यात आणखी एक भर घालतो. ‘कोरडे’ आणि ‘ओले’ असे वादळांचे दोन कप्पे करणे सोयीचे असले तरी प्रत्यक्षात मधल्या जातीची वादळे पुष्कळ असतात. ढगाच्या गाभ्याखाली मुसळधार पाऊस पडत असताना त्याच ढगाची वीज पावसाच्या पट्ट्याबाहेर दहा-पंधरा किलोमीटरवरही पडू शकते. त्यामुळे एकाच ढगाखालची एक घळ पाण्याने भरते आणि शेजारच्या, थेंबही न पडलेल्या डोंगरावर झाड पेटते. दोन्ही इशारे एकदम खरे ठरल्याची उदाहरणे आहेत. त्यात विरोधाभास नाही.

---

पाणलोट

वरील विवेचन ढगाच्या बाजूने झाले. पुराचा अर्धा निर्णय जमिनीवर होतो, म्हणून त्या बाजूने लिहितो.

प्रथम आकडे पाहू. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते दहा लाख लिटर पाणी होते. दहा चौरस किलोमीटरच्या लहानशा पाणलोटावर ४० मिलिमीटर पाऊस पडल्यास ४० कोटी लिटर होते. हे पाणी पूर्ण दिवसभरात पडले तर त्यातले बरेच मुरते आणि उरलेले सावकाश वाहून जाते. तेच पाऊण तासात पडले आणि खाली उघडा खडक किंवा उन्हाने घट्ट झालेली माती असली, तर ते सगळे जवळजवळ एकाच वेळी घळीच्या तोंडाशी येते. म्हणून अचानक येणाऱ्या पुरासाठी पावसाच्या एकूण बेरजेपेक्षा त्याची तीव्रता निर्णायक असते.

दुसरी गोष्ट अशी की, जिथे माणूस उभा आहे तिथे पाऊस पडण्याची मुळीच गरज नसते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातील लोअर अँटिलोप कॅन्यन या अत्यंत अरुंद दरीत ११ पर्यटक वाहून गेले. पाऊस झाला होता तो दरीच्या वरच्या अंगाला, काही किलोमीटर दूर. दरीत त्या मानाने काहीच पडले नव्हते. अशा ठिकाणी डोक्यावरचे आकाश पाहून निर्णय घेणे निरुपयोगी असते, कारण ज्या ढगाने पूर येणार तो भिंतीआड असतो.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो, कारण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वणव्यात केवळ झाडे जळत नाहीत. पावसाचा मार झेलणारा झाडोरा जातो, पाणी शोषून धरणारा पाचोळ्याचा थर जातो, आणि तीव्र आगीत वनस्पतींतील मेणासारखे पदार्थ वाफ होऊन मातीत शिरतात व काही सेंटिमीटर खाली थंड होऊन मातीच्या कणांवर पाणी झटकून टाकणारा लेप तयार करतात. त्यावर राखेचा थर बसून मातीची छिद्रे बुजतात ते निराळेच. परिणामी जो डोंगर एरवी तासाला ३०-४० मिलिमीटर पाऊस सहज पचवतो, तोच जळल्यानंतर तासाभरात पडलेल्या १२-१३ मिलिमीटर पावसातही पूर सोडू शकतो. तीव्र उतारावर तर एकूण पावसापेक्षा सुरुवातीच्या दहा-पंधरा मिनिटांतील जोरच ठरवतो की खाली काय येणार.

आणि खाली येते ते निव्वळ पाणी नसते. राख, माती, दगड आणि जळके ओंडके यांचा ओल्या काँक्रीटसारखा दाट लोंढा असतो, जो मोटारीएवढे दगडही वाहून आणतो. कोलोरॅडोतील बफेलो क्रीक येथे मे १९९६ मध्ये वणवा लागला आणि १२ जुलै रोजी, म्हणजे दोन महिन्यांच्या आत, त्या जळलेल्या भागावर झालेल्या एका गडगडाटी वादळाच्या पुरात दोघांचा मृत्यू झाला. डोंगरावरून सुटलेला गाळ डेन्व्हर शहराला पाणी पुरवणाऱ्या स्ट्रॉन्शिया स्प्रिंग्ज जलाशयात जाऊन साचला आणि तो काढण्याचे काम पुढे अनेक वर्षे डोकेदुखी होऊन बसले. त्याच राज्यात ग्रिझली क्रीकचा वणवा ऑगस्ट २०२० मध्ये लागला. पुढच्या उन्हाळ्यात, जुलै २०२१ च्या अखेरीस, ग्लेनवुड कॅन्यनमधील महामार्गावर लोंढे उतरले, शंभराहून अधिक लोकांना रात्र तिथेच अडकून काढावी लागली आणि तो महत्त्वाचा रस्ता सुमारे दोन आठवडे बंद राहिला. न्यू मेक्सिकोतील रुइडोसोचे उदाहरण तर अगदी ताजे आहे. जून २०२४ मध्ये तिथे मोठा वणवा लागला आणि ८ जुलै २०२५ रोजी त्या जळलेल्या डोंगरांवरील पावसाने रिओ रुइडोसो नदी २० फुटांवर, म्हणजे सहा मीटरच्या वर, गेली. त्यात तिघांचा बळी गेला.

यावरून कडक शब्दांमागचे कारण लक्षात येईल. जळलेल्या क्षेत्राखाली राहणाऱ्यांना पाऊस सुरू झाल्यावर हाताशी फार थोडी मिनिटे असतात, म्हणून तिथे इशारा देण्याची मर्यादा मुद्दाम खाली आणलेली असते. हा वाढीव धोका साधारणपणे पहिली दोन वर्षे सर्वाधिक असतो आणि झाडोरा परतेल तसा ओसरतो. मात्र फार तीव्र जळलेल्या उतारांवर तो त्याहून लांबतो.

---

डोंगरवाट

दोघांचेही आभार. जळलेल्या डोंगराचा मुद्दा माझ्या मुळीच ध्यानात आला नव्हता. एक शंका मात्र अजून उरते. वादळातून थोडाफार पाऊस पडला, समजा चार-पाच मिलिमीटर, तर निदान त्या भागापुरता वणव्याचा धोका टळला असे धरून चालता येईल का? आणि आधीच लागलेल्या वणव्याकडे असे वादळ सरकत असेल, तर ती विझवणाऱ्यांच्या दृष्टीने दिलासा देणारी गोष्ट मानावी का?

---

वणवारेषा

दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि दुसऱ्याचे तर अगदी ठामपणे.

आधी पहिला घेऊ. वणव्याचे जळण सुकायला किती वेळ घेते यावरून त्याचे वर्ग करतात: एक तासाचे, दहा तासांचे, शंभर तासांचे आणि हजार तासांचे. गवत आणि बारीक काड्या पहिल्या वर्गात येतात. त्या पाच मिलिमीटर पावसाने भिजतात हे खरे, पण ऊन आणि वारा परतला की त्याच दिवशी पुन्हा पेट घेण्याइतक्या वाळू शकतात. हजार तासांच्या वर्गातील जाड ओंडके महिनोन्‌महिने सुकलेले असतात. त्यांच्या गाभ्यापर्यंत असल्या सरीचा ओलावा पोचतही नाही. शिवाय विजेची आग लगेच दिसेलच असे नाही. झाडाच्या बुंध्याशी साचलेल्या जाड पाचोळ्यात किंवा पोकळ खोडात ती कित्येक दिवस नुसती धुमसत राहते आणि हवा कोरडी होऊन वारा सुटला की बाहेर येते. म्हणूनच वादळ येऊन गेल्यावरही टेहळणी आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ चालू ठेवावी लागते. पाऊस पडून गेला, आता काळजी नाही, असे म्हणणाऱ्याला जंगल खात्यातला कोणीही अनुभवी माणूस दुजोरा देणार नाही.

चांगल्या पावसाची एक लांबची बाजूही आहे. कोरड्या गवताळ प्रदेशात एका हंगामात भरपूर पाऊस झाला की गवत माजते आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच वाळून सलग पसरलेले जळण होते.

दुसऱ्या प्रश्नाच्या मुळाशी वादळातूनच सुटणारा वारा आहे, आणि वरच्या चर्चेत त्याचा उल्लेख अजून आला नाही. थेंब वाटेत वाफ होतात तेव्हा ती उष्णता आजूबाजूच्या हवेतून घेतली जाते. एक किलो पाण्यामागे सुमारे २५ लाख ज्यूल. ती हवा थंड आणि जड होऊन वेगाने खाली कोसळते व जमिनीवर आपटून सर्व दिशांना पसरते. विर्गा जितका जास्त, तितका हा झोत जोरदार असू शकतो. म्हणजे पाऊस न पोचणे हीच वाऱ्याची ताकद ठरते. हा झोत मूळ ढगापासून कित्येक किलोमीटर पुढे धावतो, आणि ज्या आगीवर पावसाचा टिपूसही पडलेला नाही तिथे पोचून काही मिनिटांत वाऱ्याची दिशा पार बदलून टाकतो. आगीची बाजू, जी तोवर संथ जळत असते, तीच रुंद आणि वेगवान तोंड बनते.

ॲरिझोनातील यार्नेल हिलचा वणवा या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. २८ जून २०१३ रोजी तो विजेनेच लागला. ३० जूनच्या दुपारपर्यंत आग प्रामुख्याने ईशान्येकडे सरकत होती. जवळच्या वादळांतून बाहेर पडलेला झोत येऊन धडकल्यावर तिने दिशा बदलून दक्षिणेकडे धाव घेतली आणि ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्स या अग्निशमन पथकातील १९ जण तीत अडकून मृत्युमुखी पडले. वारा बदलणार असल्याची सूचना हवामान कार्यालयाने त्या दुपारी दिलेली होती. त्याच राज्यात जून १९९० मधील ड्यूड वणव्यातही गडगडाटी ढगाच्या खाली कोसळत्या झोताने आग पसरवली आणि सहा जणांचा जीव गेला. या दोन्ही घटनांनंतर अग्निशमनाच्या प्रशिक्षणात जवळ येणारे गडगडाटी वादळ हे माघारीची वाट तपासण्याचे कारण म्हणून शिकवले जाते.

फार मोठा वणवा तर स्वतःचाच गडगडाटी ढग उभारतो. त्याला पायरोक्युम्युलोनिम्बस म्हणतात. त्यातून पाऊस क्वचितच कामाचा पडतो, पण वीज पडते आणि मुख्य आगीच्या बऱ्याच पुढे नव्या आगी लावते. कॅनडातील फोर्ट मॅकमरे येथे मे २०१६ मध्ये आणि ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी २००९ मध्ये असे ढग पाहण्यात आले आहेत.

---

पाणलोट

इशारे वाचण्यासंबंधी दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या होत्या. अमेरिकेतील पद्धतीत ‘वॉच’ म्हणजे पूर येण्यास अनुकूल स्थिती आहे आणि ‘वॉर्निंग’ म्हणजे पूर येतो आहे किंवा येण्याच्या बेतात आहे. वॉच सहसा काही तास आधी, कधी दिवसभर आधी मिळतो. वॉर्निंग मिळाल्यावर मात्र पुष्कळदा मिनिटेच उरतात. दुसरे असे की, तिथल्या भ्रमणध्वनींवर मोठ्याने वाजणारी आणीबाणीची सूचना २०२० पासून फक्त ‘लक्षणीय’ किंवा ‘भीषण’ नुकसानीची शक्यता नोंदवलेल्या पूर-इशाऱ्यांसाठीच जाते. साधी वॉर्निंग निघाली तरी फोन वाजेलच असे नाही, आणि खोल दऱ्यांत मुळात संपर्कच नसतो. त्यामुळे अशा भागात जाणाऱ्याने निर्णय वॉचच्या टप्प्यावरच घ्यायला हवा.

रात्रीच्या वादळांबाबत तर हे अधिकच खरे आहे. ४ जुलै २०२५ च्या पहाटे टेक्सासमध्ये ग्वादालुपे नदी हंट या गावाजवळ सुमारे ४५ मिनिटांत २६ फूट, म्हणजे जवळजवळ आठ मीटर, चढली. त्या पुरात राज्यात १३० हून अधिक लोक मरण पावले. पुराचा वॉच आदल्या दुपारीच जाहीर झालेला होता.

---

डोंगरवाट

वॉच आणि वॉर्निंगमधील हा फरक मी आजवर केवळ तीव्रतेचा समजत होतो. प्रत्यक्ष उपयोगाचा एक शेवटचा प्रश्न विचारतो. ज्या दिवशी दोन्ही इशारे लागू आहेत त्या दिवशी डोंगराळ भागात असलेल्या माणसाने नेमके कुठे थांबावे? पुरापासून वाचायला उंच जायचे, तर विजेला आणि आगीला तोंड द्यावे लागेल असे वाटते.

---

मेघनिरीक्षक

पेच खरा आहे आणि त्याचे सर्वांत चांगले उत्तर वेळेत आहे. ही वादळे बहुतांशी दुपारच्या उन्हाने वर येतात, त्यामुळे दऱ्यांतली आणि माथ्यावरची दोन्ही कामे सकाळी आटोपून दुपारपर्यंत पक्क्या इमारतीजवळ किंवा बंद मोटारीजवळ पोचणे हा नियम तिथले वाटाडे पाळतात. मान्सूनचे बाष्प भरपूर असलेल्या दिवशी किंवा वरच्या थरात एखादा कमी दाबाचा पट्टा असताना ढग सकाळीही वाढू शकतात, हे मात्र ध्यानात ठेवावे.

वाटेत अडकल्यास आधी घळ आणि ओढ्याचे पात्र सोडावे. पात्रापासून पुरेसे वर चढावे, पण कड्याच्या धारेवर, एकट्या उंच झाडाखाली किंवा उघड्या माथ्यावर थांबू नये. उताराचा मधला भाग, जिथे आसपास सारख्या उंचीची झाडी आहे, तो त्यातल्या त्यात बरा. जवळपास आग दिसत असेल तर हाच मधला उतार धोक्याचा ठरतो, कारण आग चढावर वेगाने धावते; तेव्हा आधीच जळून थंड झालेले किंवा उघड्या खडकाचे, झाडोरा नसलेले क्षेत्र गाठावे. मात्र ते जळलेले क्षेत्र एखाद्या उताराचे तोंड असेल आणि वर पाऊस पडत असेल, तर ‘पाणलोट’ यांनी सांगितलेला लोंढा तिथूनच उतरतो.

वाहनात असाल आणि रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर मागे फिरावे. १५ सेंटिमीटर वेगवान पाणी चालत्या माणसाला पाडते, ३० सेंटिमीटर पाणी लहान मोटार सरकवू शकते आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक वाहने वाहून नेते. गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही, हे चालकाच्या आसनावरून कळत नाही.